जंबियाचा पहिला धडा

डोंबिवलीस गुढीपाडव्याच्या दिवशीं निघणारी नववर्षस्वागतयात्रा १९९९ सालीं सुरू झाली. तींत लेझीम, लाठी खेळणाऱ्या मुली पाहून आपल्या घरांतील वडीलमंडळी कौतुकानें टाळ्या वाजवितात. परंतु त्याच घरांतील एखादी मुलगी, "मला सुरी चालवावयास शिकावयाचें आहे," असें म्हणाली कीं सर्वांचे चेहरे उतरतात. आमच्या घरीं असेंच झालें. आणि त्या प्रसंगीं माझ्या हातून जी चूक घडली ती इतरांच्या उपयोगीं पडण्यासारखी आहे, म्हणून येथें सांगतों.

माझी पुतणी ठाण्यास नोकरीला आहे. एके रात्रीं उशिराच्या गाडीनें डोंबिवलीस उतरून ती घरीं येत असतां दोन इसमांनीं आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत तिचा पाठलाग केला. पुढें कांहीं झालें नाहीं. पण त्या रात्रीपासून तिची झोप उडाली. तिच्या वडिलांनीं नोकरी सोडण्याचा सल्ला दिला. तो मला पटला नाहीं. मीं दुसऱ्याच दिवशीं घडीची एक सुरी विकत आणली व ती नेहमीं पिशवींत ठेवण्यास तिला सांगितलें. आपण मोठें शहाणपणाचें काम केलें असें मला वाटलें!

सुरी आली, पण ती धरावी कशी हें आमच्यांत कोणास ठाऊक? म्हणून ठाण्याच्या एका वृद्ध वस्तादांकडे मी तिला घेऊन गेलों. लाठी, फरीगदगा, जंबिया यांत त्यांची हयात गेलेली. त्यांनीं सुरी पाहिली, मिटली, आणि माझ्याच हातीं परत देऊन ते म्हणाले, "ही तुमच्यापाशीं राहूं द्या. हिला आधीं चालावयास शिकूं द्या."

आणि खरोखरच पहिले दोन महिने तिनें केवळ पावलांचा अभ्यास केला. समोरच्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर कसें राहावें, पाऊल तिरपें टाकून वार कसा चुकवावा, पाठ भिंतीस लागूं न देतां निसटण्याची वाट कशी मोकळी ठेवावी, हेंच रोज. मग लांकडी जंबिया हातीं आला. जंबिया हें मूळचें अरबी हत्यार, आंखूड व वांकड्या पात्याचें. अरबींत 'जंब' म्हणजे कूस, तिच्या बाजूस खोंवावयाचें म्हणून त्यास हें नांव. वारांचीं नांवें मात्र आपल्या आखाड्यांतलीं: शीर, तमाचा, बाहेरा.

चवथ्या महिन्यांत वस्तादांनीं लांकडी पात्यांना ओला गेरू फांसला, दोघी मुलींना पांढरे सदरे घालावयास लावले आणि त्यांचा सामना लावून दिला. माझ्या पुतणीनें दुसरीच्या छातीस पातें टेकविलें आणि आनंदानें मजकडे वळून म्हणाली, "काका, मी जिंकलें!"

वस्ताद शांतपणें म्हणाले, "आतां स्वतःच्या अंगावरचे पट्टे मोज, बाळ."

दोन्ही बाह्यांवर आणि मानेजवळ मिळून सात तांबडे पट्टे होते. ती गप्प झाली, मीही झालों. मीं दिलेली सुरी एखाद्या बळकट माणसानें तिच्या हातांतून हिसकावून घेतली असती तर, हा विचार त्या क्षणापर्यंत मला शिवलाही नव्हता.

आमचे वस्ताद बडोद्याच्या राजरत्न प्रो. माणिकरावांचें नांव फार आदरानें घेतात. माणिकरावांच्या आखाड्यांत लाठी-जंबियाबरोबर बिनोट, म्हणजे निःशस्त्रानें सशस्त्रास तोंड देण्याची विद्याही शिकविली जाई. त्या आखाड्यास त्यांनीं स्वतःचें नांव दिलें नाहीं. आपल्या मुसलमान उस्तादांचें दिलें. तेंच श्री जुम्मादादा व्यायाममंदिर. हाडवैद्य म्हणूनही माणिकरावांची मोठी ख्याति होती. मार कोठें बसतो हें जाणणाऱ्या हातानेंच मोडलेलें हाड बसवावें, ही त्या परंपरेची थोरवी होय. अमरावतीचें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४) व पुण्याचें महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) यांसारख्या संस्थांनीं व्यायामाची आवड सुशिक्षितांच्या घरांत नेली. एरवीं 'तालीमबाजी' म्हणून नाकें मुरडणारे आपणच होतों.

कायद्याचीही बाजू ध्यानांत ठेवावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांप्रमाणें ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पात्याची, घरकाम किंवा शेती यांसारख्या कामासाठीं नसलेली सुरी शस्त्रांत मोडते. पोलिसांचा बंदीहुकूम असेल तेव्हां आंखूड पातेंही अडचणींत आणूं शकतें.

तेव्हां मुलींच्या मातापित्यांस माझें सांगणें एवढेंच कीं, ही विद्या शिकूं द्या, पण शिक्षक पारखून घ्या. एक दिवस स्वतः जाऊन बसा. जो पहिल्याच दिवशीं धारेचें पातें हातीं देतो, आठ दिवसांत निर्भय करण्याची हमी देतो, त्याच्या दारांतून परत फिरा. जो आधीं पळावयास शिकवितो, त्याला नमस्कार करा.

ती सुरी आतां आमच्या स्वयंपाकघरांत लिंबें चिरते. काम झालें कीं विळी आडवी पाडावी, सुरी कोणाच्या हातांत न देतां खालीं ठेवावी, असें माझी आई आम्हांस लहानपणीं नित्य बजावीत असे. वस्तादांच्या आखाड्यांतही जंबिया हातोहात देत नाहींत. जमिनीवर ठेवतात व दुसऱ्यानें तो उचलावा लागतो. तें पाहून मला आईची आठवण झाली.

पुतणी अद्याप उशिराच्याच गाडीनें येते. मात्र आतां ती जवळची गल्ली सोडून उजेडाच्या रस्त्यानें येते, आणि मागें पावलें वाजलीं तर वळून पाहते. परवां मीं तिला विचारलें, "आतां भीति वाटत नाहीं ना?"

ती म्हणाली, "वाटते, काका. पण पाय थिजत नाहींत."