सोंगाड्याची खतावणी

चार सुशिक्षित माणसांत दादा कोंडक्यांचं नाव काढून पाहा. एक जण हसू दाबतो, दुसरा ‘द्वयर्थी’ हा शब्द उच्चारतो आणि तिसरा ‘पण माणूस मोठा हं’ असं म्हणून विषय बदलतो. त्या ‘पण’च्या पुढे काय, हे सहसा कुणी सांगत नाही. १४ मार्च १९९८ रोजी दादा गेले, त्याला पाव शतकाहून अधिक काळ लोटला. एवढ्या अवधीत एखाद्या कलावंताचा हिशेब पुरा व्हायला हरकत नसावी. दादांच्या खात्यावर मात्र आपण एकच शेरा मारला आणि वही मिटून टाकली. बँकेच्या नोकरीत उभी हयात गेल्यामुळे मला एक खोड लागली आहे. शेरा वाचला की मी आधी मागची पानं उलटतो. आज तेवढंच करायचं आहे.

८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईच्या नायगावात, गिरणी कामगारांच्या वस्तीत कृष्णा कोंडके या मुलाचा जन्म झाला. मूळ गाव भोरकडचं. गिरणीचा भोंगा, चाळीतला गणपती, रस्त्यावरची मारामारी आणि रात्रीचं भजन या चार गोष्टींवर त्या वस्तीतली मुलं वाढत. या मुलानं बँडपथकात वाजवलं, ‘अपना बाजार’मध्ये तुटपुंज्या पगारावर नोकरी केली आणि संध्याकाळी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात सोंगं वठवली. नाट्यशिक्षणाची पदवी वगैरे भानगड नव्हती. बँडमधल्या माणसाला ठोका कुठे द्यायचा आणि कुठे हात आवरायचा हे कळतं. दादांच्या विनोदाचं निम्मं मर्म मला त्या बँडमध्ये दिसतं. वाक्य संपल्यावर ते जे क्षणभर थांबतात, ते वादकाचं थांबणं आहे.

१९६५ साली वसंत सबनीस यांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आलं आणि दादांचा हवालदार महाराष्ट्रभर गाजला. दीड हजारांच्या वर प्रयोग झाले. सबनीसांनी तमाशातल्या वगाचा सांगाडा घेतला आणि त्यात एक मोकळी जागा ठेवली. त्या जागेत दादा रोजचं वर्तमानपत्र ओतत. सकाळी मंत्री जे बोलला, ते रात्री हवालदाराच्या तोंडून उलटं होऊन प्रेक्षकांत पडे. तमाशात गण, गौळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो आणि बतावणीत सोंगाड्याला राजाच्या शेजारी उभं राहून राजाची टोपी उडवायची मुभा असते. ही मुभा आपल्याकडे फार जुनी आहे. दादांनी ती तिकीट लावून शहरात आणली, आणि शिवाजी पार्कातल्या गृहस्थालाही ती आवडली. म्हणजे १९६५ ते १९७० या काळात याच दादांना हसणारा वर्ग पांढरपेशाच होता, हे आपण विसरून जातो.

त्यांचा प्रयोग पाहून आशा भोसल्यांनी भालजी पेंढारकरांना त्यांचं नाव सुचवलं. भालजींच्या ‘तांबडी माती’तून (१९६९) दादा पडद्यावर आले. दोन वर्षांनी त्यांनी स्वतः निर्माता होऊन ‘सोंगाड्या’ काढला. लेखणी पुन्हा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहानं ऐनवेळी देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’ला पसंती दिली, तेव्हा बाळासाहेब ठाकरे दादांच्या पाठीशी उभे राहिले आणि शिवसैनिक रस्त्यावर उतरले, ही हकिगत सर्वांना पाठ आहे. पण ती सांगताना आपण राजकारणाचा भाग रंगवतो आणि दुसरा भाग सोडून देतो. चित्रपटगृह मिळवून देता येतं, प्रेक्षक मिळवून देता येत नाही. तो आपल्या पायांनी आला आणि येत राहिला. पुढे ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३), ‘पांडू हवालदार’ (१९७५), ‘तुमचं आमचं जमलं’ (१९७६), ‘राम राम गंगाराम’ (१९७७), ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (१९७८) अशी रांग लागली. सलग नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवासाठी गिनीज बुकाचा दाखला नेहमी दिला जातो. ‘पांडू हवालदार’पासून दिग्दर्शनही त्यांनी हाती घेतलं. कथा, संवाद, गीतं यांतही त्यांचा हात होता. नट म्हणून त्यांचा उल्लेख होतो, लेखक म्हणून होत नाही. माझं म्हणणं याच जागी सुरू होतं.

दादांच्या चित्रपटाची रचना नीट पाहा. नायक बावळट आहे. ढगळ अर्धी चड्डी, तिची लोंबणारी नाडी आणि घरात धाक घालणारी आई. रत्नमालाबाईंनी साकारलेली ती ‘आये’ हा या रचनेचा कणा आहे. हा नायक कुणा बाईच्या मागे लागत नाही. तीच त्याच्या मागे लागते, आणि याला काही उमजत नाही. उषा चव्हाणांच्या नायिकेला जीभ आहे, हिंमत आहे, पुढाकार आहे. त्या काळच्या मराठी पडद्यावर रडण्यासाठी नेमलेल्या नायिकांच्या रांगेत ही बाई उठून दिसते. आता या बावळ्याच्या तोंडी एक साधं, घरगुती, निरुपद्रवी वाक्य येतं. तो ते सरळ डोळ्यांनी म्हणतो. दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या कानात तयार होतो. सेन्सॉरच्या माणसानं बोट ठेवलं, की त्यालाच विचारता येतं: साहेब, यात वाईट काय दिसलं तुम्हाला? पकडला जातो तो ऐकणारा. हे लिहायला सोपं नाही. वाक्य दोन्ही अंगांनी व्याकरणशुद्ध हवं, दोन्ही अर्थ एकाच क्षणी पोचायला हवेत, आणि बोलणाऱ्याचा भोळेपणा कायम राहायला हवा. मी तीस-पस्तीस वर्षं कादंबऱ्या लिहितो आहे. असं एक वाक्य बेतायला किती घाम गाळावा लागेल, याचा मला अंदाज आहे.

आणि दुहेरी अर्थाचा आपल्याला एवढा विटाळ कधीपासून? नाथांची भारुडं आपण भक्तिभावानं ऐकतो. त्यात वरचा अर्थ रांगडा, संसारातला, कधी कधी चावट, आणि आतला अर्थ परमार्थाचा. दादांनी तोच जिना उलटा लावला. वरचा अर्थ सोवळा, आतला ओवळा. मी दादांना संतांच्या पंक्तीला बसवत नाही, ते त्यांनाही रुचलं नसतं. पण एका शब्दात दोन अर्थ नांदवण्याची कसरत ही या भाषेची जुनी कमाई आहे, आणि गावोगावचा श्रोता त्या कसरतीला तयार होता म्हणूनच दादा त्याला कळले. बँकेच्या ग्रामीण शाखांत असताना जत्रेच्या तंबूत हे चित्रपट चालताना मी पाहिले आहेत. बाया पदर तोंडाला लावून हसत. म्हातारे मांडीवर थाप मारत. कर्जाचा हप्ता थकलेला माणूस आमच्याकडे पाहून चार दिवस तोंड चुकवी, तो तिथे मोकळा दिसे. त्या हसण्याला अभिरुचीचा दाखला मागावा असं कुणालाही वाटलं नसतं.

इंग्लंडात असाच एक प्रकार झाला. १९५८ पासून तिथे ‘कॅरी ऑन’ नावाची विनोदी चित्रपटमालिका निघाली. द्वयर्थी बोलणं, टिचभर खर्च, तेच ते नट, समीक्षकांची नाकं मुरडलेली आणि थिएटरं भरलेली. तीस चित्रपट निघाले आणि १९९२ साली आणखी एक. पण तिथल्या लोकांनी पुढे बसून त्याचा विचार केला. युद्धानंतरच्या कामगारवर्गाचं हसू कसं होतं हे त्या चित्रपटांत सापडतं, असं अभ्यासक लिहू लागले. २००८ साली ब्रिटनच्या टपाल खात्यानं या मालिकेच्या पोस्टरांची तिकिटं काढली. त्यांनी ते चित्रपट थोर ठरवले असं नव्हे. त्यांनी ते आपले म्हणून स्वीकारले.

आपल्याकडे अडचण दुसरीच आहे. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आज घराघरांत तोंडपाठ आहे. तिचे संवाद म्हणणारी पोरं चित्रपटानंतर जन्मलेली आहेत. बापे साड्या नेसतात, इशारे होतात, चावटपणा होतो आणि सगळं कुटुंब एकत्र बसून हसतं. या चित्रपटाची लेखणी वसंत सबनीसांची. म्हणजे ‘विच्छा’ आणि ‘सोंगाड्या’ लिहिणारा तोच हात! मग एक निर्मळ आणि दुसरं ओंगळ, हे ठरवलं कुणी? बनवाबनवीतली माणसं शहरात, बंगल्यात राहतात, पँट घालतात, प्रमाण मराठी बोलतात. सोंगाड्याची चड्डी ढगळ आहे आणि बोली गावाकडची आहे. विनोदाला आपण कपडे आणि पत्ता पाहून चारित्र्याचा दाखला देतो, असा निष्कर्ष काढला तर तो फार चुकीचा ठरू नये.

आता खर्चाची बाजू. ती लपवली तर खतावणी खोटी ठरेल. बावळेपणा हे दादांचं भांडवल होतं आणि त्याला वयाची मुदत होती. ‘मुका घ्या मुका’ आला तेव्हा (१९८७) ते पंचावन्नचे होते. त्या वयाचा माणूस काही न कळणारं पोर म्हणून उभा राहिला, की भोळेपणाचा मुलामा उडतो आणि खाली नुसता चावटपणा उरतो. पुढच्या चित्रपटांची शीर्षकंच विनोद होऊन बसली, आत कथा राहिली नाही. नायिकेची जीभ गेली आणि फक्त देह उरला. ‘तेरे मेरे बीच में’ (१९८४) सारख्या हिंदी चित्रपटांत तर बोलीच सुटली, आणि बोली सुटल्यावर दुसरा अर्थ पोरका झाला. या चित्रपटांना कुणी नावं ठेवली तर मी वाद घालणार नाही. पण शेवटच्या पानावरची तूट दाखवून पहिल्या पानावरची जमा पुसता येत नाही. ‘एकटा जीव सदाशिव’वरून २००० साली गोविंदाला घेऊन ‘जिस देश में गंगा रहता है’ बेतला गेला. अठ्ठावीस वर्षांनी दुसऱ्या भाषेत गोष्ट पुन्हा उभी करावीशी वाटली, याचा अर्थ त्या गोष्टीला हाडं होती.

या घसरणीचं एक कारण पडद्याबाहेर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर कधी मिटलाच नाही, गिरण्या मात्र मिटल्या. ज्या वस्तीनं दादांना जन्म दिला, ज्या वस्तीतला माणूस पगाराच्या दिवशी तिकीट काढत असे, ती वस्ती हळूहळू उठली. सोंगाड्यासमोरचा ओळखीचा श्रोता नाहीसा झाला, की सोंगाड्या अनोळखी गर्दीला हसवू पाहतो, आणि अनोळखी गर्दीला हसवायचा सोपा मार्ग म्हणजे आवाज चढवणं. उत्तरार्धातले दादा मला आवाज चढवलेले दादा वाटतात.

माग मात्र थांबले नाहीत, त्यांनी गाव बदललं. भिवंडी, इचलकरंजी आणि आपल्या जिल्ह्यातलं मालेगाव यंत्रमागांनी गजबजलं. त्याच मालेगावात २००० साली नासिर शेख या तरुणानं व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला. स्थानिक माणसंच नट झाली, ‘शोले’ची यथेच्छ थट्टा झाली आणि गावानं गर्दी केली. भाषा वेगळी, परंपरा वेगळी, दादांशी त्यांचा थेट संबंध नाही. पण दिवसभर मागाच्या खडखडाटात उभं राहणाऱ्या माणसाला स्वतःचं हसू स्वतः तयार करावंसं वाटतं, ही गोष्ट नायगाव आणि मालेगावात सारखीच आहे. मालेगावच्या त्या खटाटोपावर माहितीपट निघाला, पुढे हिंदी चित्रपटही निघाला, आणि सुशिक्षितांनी त्याचं कौतुक केलं. ते रास्तच होतं. नायगावच्या वाट्याला ते का आलं नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

नाशिक हे फाळक्यांचं गाव. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आपण त्यांचं स्मारक उभारलं. कुसुमाग्रज आणि कानेटकरांची नावं आपण अभिमानानं सांगतो. या गावानं दादांचा पुतळा उभारावा असं माझं म्हणणं नाही, पुतळ्यांची आपल्याकडे टंचाई नाही. मागणी साधी आहे. ‘विच्छा’मध्ये दादा आयत्या वेळी काय काय भर घालत, ते पाहिलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. ती आहेत तोवर त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित व्हाव्यात. सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या चित्रपटांच्या संहिता, टिपांसह, एखाद्या प्रकाशकानं छापाव्यात. मराठी विभागांतल्या मुलांना भारुड शिकवताना बतावणीही शिकवावी. आणि येत्या ८ ऑगस्टला एखाद्या मंडळानं ‘सोंगाड्या’ मोठ्या पडद्यावर, भरल्या सभागृहात लावावा. मोबाइलच्या पडद्यावर एकट्यानं पाहण्याचा तो चित्रपट नाही. शेजारचा हसला की आपल्याला दुसरा अर्थ कळतो, अशी त्याची घडण आहे.

तो असा पाहून झाल्यावर ज्याला शेरा मारायचा आहे, त्यानं खुशाल मारावा. फक्त तो चित्रपटावर मारावा, त्याला हसणाऱ्या माणसांवर नको.