गेमसाठी टीव्ही : इंचांना नव्हे, चपळाईला पैसे मोजा

टीव्ही घ्यायला आलेले गिऱ्हाईक पूर्वी दोनच प्रश्न विचारी : किती इंच आणि किती रुपये. आता त्यात तिसऱ्याची भर पडली आहे : ‘यावर प्लेस्टेशन नीट चालेल ना?’ बहुतेक दुकानांत या प्रश्नाला ‘का नाही चालणार?’ एवढेच उत्तर मिळते. आमच्या मते हे उत्तर अपुरे आहे. चित्र कोणत्याही टीव्हीवर उमटेल; खेळ मात्र कोणत्याही टीव्हीवर नीट खेळता येईल असे नाही. यंत्रमागावरचा कारागीर किंवा गॅरेजमधला मिस्त्री सात-आठ वर्षांतून एकदा टीव्ही घेतो. त्याच्या पंचवीस-तीस हजारांचे मोल व्हायचे असेल तर विकणाऱ्याला चार गोष्टी ठाऊक असायला हव्यात आणि घेणाऱ्याला विचारता यायला हव्यात.

पहिली गोष्ट विलंबाची. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत जो वेळ जातो त्याला ‘इनपुट लॅग’ म्हणतात. जुना काचेच्या नळीचा टीव्ही आलेले चित्र साठवून न ठेवता थेट पडद्यावर टाकत असे. म्हणून नव्वदच्या दशकातले कॅसेटचे गेम त्यावर चपळ वाटत. आजचा सपाट टीव्ही आलेले चित्र आधी आपल्याकडे घेतो, त्याचे रंग सुधारतो, कडा धारदार करतो आणि मगच दाखवतो. सिनेमा पाहताना हे कळत नाही, कारण आवाजही तेवढाच थांबवून दिला जातो. खेळात मात्र आपला हात मध्ये असतो. सेकंदाला ६० चित्रे धरली तर एका चित्राचा वेळ सुमारे १६.७ मिलिसेकंद होतो. विलंब १०० मिलिसेकंद झाला की खेळाडू सहा चित्रे मागे पडतो. चेंडू गेल्यावर बॅट फिरते. यावरचा उपाय म्हणजे टीव्हीतला ‘गेम मोड’. तो लावला की चित्रावरचे बहुतेक सोपस्कार बंद होतात आणि चांगल्या टीव्हीत विलंब १० ते २० मिलिसेकंदांपर्यंत खाली येतो. स्वस्त टीव्ही निवडताना पहिले गुण यालाच द्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विलंब मोजायला महागडे यंत्र लागत नाही. ज्या मोबाईलवर सेकंदाला २४० चित्रांचे संथ चित्रीकरण होते, त्याने हातातले बटण आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत घ्यावेत. बटण दबल्यापासून पडदा हलेपर्यंत किती चित्रे गेली ती मोजावीत. एक चित्र म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. या आकड्यात गेम यंत्राचा स्वतःचा वेळही मिसळलेला असतो. म्हणून एकच यंत्र आणि एकच खेळ दोन टीव्हींवर लावून तुलना करावी. फरक लगेच उघडा पडतो.

डब्यावरचे आकडे

दुसरी गोष्ट चित्राच्या बारकाव्याची. बाजारात स्वस्त ३२ इंची टीव्ही म्हणून जे माल खपतात त्यांतले पुष्कळ ‘एचडी रेडी’ असतात. त्यांच्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात. ‘फुल एचडी’त १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० आणि ‘फोर के’त सुमारे ८३ लाख ठिपके होतात. आजच्या खेळांतली बारीक अक्षरे एचडी रेडी पडद्यावर धड वाचता येत नाहीत. तेव्हा ३२ इंचच घ्यायचा असेल तर फुल एचडीचा आग्रह धरावा, त्यासाठी शहरातली चार दुकाने फिरावी लागली तरी चालेल. ४३ इंचांपासून पुढे फोर के घेणे शहाणपणाचे. मात्र दहा बाय बाराच्या खोलीत ५५ इंची टीव्ही लावून कंपनीच्या जाहिरातीलाच खूश करायचे की घरातल्यांच्या डोळ्यांना, याचा विचार ज्याने त्याने करावा.

तिसरी गोष्ट वेगाची, आणि सर्वाधिक फसगत इथेच होते. डब्यावर ‘१२०’ किंवा ‘२४०’ असा ठळक आकडा असतो. पुष्कळदा तो पडद्याचा खरा वेग नसतो. दोन चित्रांच्या मध्ये यंत्राने रचलेली चित्रे घुसवून काढलेला तो हिशेब असतो. ही सोय क्रिकेटचा सामना पाहताना बरी वाटते, पण खेळात ती विलंब वाढवते, म्हणून गेम मोडमध्ये ती बंदच असते. काही टीव्हींत पडदा मुळात ६० हर्ट्झचाच असतो, पण उभ्या ओळींचा बारकावा निम्मा करून तो १२० चित्रे दाखवतो. ही युक्ती वाईट नाही, परंतु तिला ‘फोर के १२०’ म्हणून विकणे वाईट आहे.

‘एचडीएमआय २.१’ या शब्दांवरही डोळे झाकून विसंबू नये. या मानकातील बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत. फोर के १२० ची सोय नसलेल्या टीव्हीलाही २.१ म्हणता येते, हे मानकाचा परवाना देणाऱ्या संस्थेनेच २०२१ च्या अखेरीस मान्य केले होते. त्यामुळे गिऱ्हाइकाने नाव न विचारता सोयी विचाराव्यात : फोर के ला १२० हर्ट्झ मिळतात का, चित्रांचा वेग बदलला तर पडदा त्याच्याशी जुळवून घेतो का, गेम यंत्र सुरू होताच गेम मोड आपोआप लागतो का, आणि या सोयी मागच्या कोणत्या खाचेत आहेत? पुष्कळ टीव्हींत त्या सगळ्या खाचांत नसतात.

तरीही आमचा सल्ला असा की मर्यादित पैशांत १२० च्या मागे धावू नये. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. डिस्क चालणाऱ्या यंत्राची किंमत तेव्हा ४९,९९० रुपये होती. त्यावरचे बहुतेक खेळ सेकंदाला ३० किंवा ६० चित्रांवरच चालतात. एक्सबॉक्स सिरीज एस तर फोर के पेक्षा कमी बारकाव्याचे लक्ष्य ठेवूनच बनवले आहे. चांगला गेम मोड असलेला साधा ६० हर्ट्झचा टीव्ही या दोघांना पुरेसा आहे. एकट्या मुलाला टेबलावर बसून खेळायचे असेल तर संगणकाचा २४ किंवा २७ इंची वेगवान मॉनिटर हाही चांगला पर्याय आहे, फक्त त्याला आवाजाची वेगळी सोय करावी लागते.

कर, हप्ता आणि दुरुस्ती

चौथी गोष्ट हिशेबाची. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कराआधी २५,००० रुपयांचा टीव्ही आधी ३२,००० ला पडे, तो आता २९,५०० ला पडायला हवा. हे अडीच हजार गिऱ्हाइकाच्या बिलात दिसले पाहिजेत. पक्के बिल घेण्यात संकोच नको. वॉरंटीही त्यावरच उभी असते.

‘बिनव्याजी हप्ता’ हे शब्दही तपासून घ्यावेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नसल्याचे बँकांना कळवले होते. क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनेत बँक बहुधा व्याज लावतेच. तेवढी सूट किमतीत आधी दाखवली जाते आणि त्या व्याजावर जीएसटीही बसतो. जे वाचक व्याजापासून दूर राहू पाहतात त्यांनी केवळ जाहिरातीवर न जाता हप्त्याचा कागद वाचावा. रोखीने घेतल्यास किती सूट मिळते, हेही त्याच वेळी विचारावे.

दुरुस्ती करणाऱ्या आमच्या कारागिरांना ठाऊकच आहे की मागच्या दिव्यांची पट्टी किंवा वीजपुरवठ्याची पाटी बदलता येते, पण पडदा फुटला तर नव्या टीव्हीच्या जवळपास खर्च येतो. म्हणून अनोळखी नावाचा टीव्ही घेताना सुटे भाग आपल्या गावात मिळतात का, हे दुकानदारापेक्षा मेकॅनिकला आधी विचारावे. गेम पार्लर चालवणाऱ्यांनी तर हे विचारल्याशिवाय माल उचलूच नये. बाजूला उभे राहून पाहणाऱ्यांची गर्दी असेल तर ‘आयपीएस’ पडदा बरा, कारण तो तिरक्या नजरेनेही रंग टिकवतो. अंधाऱ्या खोलीत ‘व्हीए’ पडद्याचा काळा रंग अधिक गडद दिसतो. ओलेड पडदा सुंदर खरा, पण दिवसभर एकाच जागी गुणफलक दिसत राहिला तर त्याचा डाग कायमचा बसण्याचा धोका असतो.

शेवटी दुकानदार बंधूंना एक विनंती. ऑनलाइन विक्रेत्याच्या किमतीशी लहान दुकान नेहमीच बरोबरी करू शकणार नाही. पण तो विक्रेता गिऱ्हाइकाच्या हातात कंट्रोलर देऊन दोन टीव्ही शेजारी-शेजारी दाखवू शकत नाही; तुम्ही ते करू शकता. दुकानात एक जुने का होईना गेम यंत्र जोडून ठेवा, गेम मोड लावून दाखवा, आणि ६० चा टीव्ही ६० चाच म्हणून विका. खोट्या आकड्यांवर विकलेला माल आता केवळ बदनामी आणत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात कारवाईस पात्र आहे. आणि ज्या घरात मुलगा समाधानाने खेळतो, त्या घरातले पुढचे फ्रिज आणि धुलाई यंत्र कोणत्या दुकानातून येईल, हे व्यापाऱ्याला आम्ही सांगायला नको.