इंजिनचं काम केलं, तरी बेअरिंग गेलं? कारण शेलवरच लिहिलेलं असतं

इंजिनचं काम करून गाडी घरी आणली आणि आठवड्याभरातच खालून ‘टक टक’ सुरू. गॅरेजवाला म्हणतो लेथवाल्याची चूक, लेथवाला म्हणतो पार्ट डुप्लिकेट. बिल मात्र तुमच्याच खिशातून!

हा घोळ फक्त गल्लीतल्या गॅरेजचा नाही. मे 2024 मध्ये टोयोटाने अमेरिकेत सुमारे 1 लाख 2 हजार टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स गाड्या रिकॉल केल्या. मशीनिंगचा कचरा कारखान्यातच इंजिनमध्ये राहिल्याची शक्यता होती. एप्रिल 2025 मध्ये जनरल मोटर्सने 6.2 लिटर व्ही-8 इंजिनच्या सुमारे 7 लाख 21 हजार गाड्या परत बोलावल्या. तिथे संशय क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडवर होता.

एवढ्याशा कचऱ्याने काय होतं? क्रँक थेट बेअरिंगवर घासत नाही, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. ही फट साधारण 0.02 ते 0.06 मिमी, म्हणजे जेमतेम केसाएवढी. त्यात धातूचा कण शिरला की थर तुटलाच.

आम्ही सॉफ्टवेअरवाले बग शोधताना आधी लॉग वाचतो. इथे लॉग म्हणजे काढलेले बेअरिंग शेल:

- गोल ओरखडे, रुतलेले कण: कचरा. क्रँक ग्राइंड केल्यावर तेलाची भोकं नीट धुतली नसतील.
- सगळेच शेल घासलेले: तेलच पोहोचलं नाही. पंप, पिकअप किंवा तेल न फिरवता केलेलं पहिलं स्टार्टिंग तपासा.
- एकाच कडेला झीज: रॉड वाकलेला किंवा जर्नल निमुळता.
- शेलच्या पाठीवर एकच चकचकीत ठिपका: बसवताना मागे कण अडकला.

म्हणून जुने शेल फेकू देऊ नका. कुठला शेल कुठल्या जागेचा, ते लिहून फोटो काढा. भांडणात हाच तुमचा पुरावा.

इंजिन उघडायच्या आधी दोन गोष्टी करा. मेकॅनिकल गेज लावून ऑइल प्रेशर मोजा, आणि ऑइल फिल्टर कापून आत धातूची चमक आहे का बघा. चमक दिसली, तर ‘थोडं चालवून बघू’ अजिबात नको. क्रँकही जाईल.

मग जाड ऑइल टाकून भागेल का? जीएमने तपासणीत पास झालेल्या इंजिनांना 0डब्ल्यू-20 ऐवजी 0डब्ल्यू-40 ऑइल दिलं, हे खरं. पण ते पास झालेल्यांना. आवाज करणाऱ्या इंजिनात जाड ऑइल टाकलं की फक्त आवाज दबतो, झीज थांबत नाही.

आणि नुसते नवे शेल टाकूनही उपयोग नाही. ऑइल कूलर आणि गॅलरीत जुना कीस तसाच राहिला, तर तो पुन्हा फिरून तिथेच येणार. गॅरेजमध्ये एकच प्रश्न विचारा: ‘बेअरिंग का गेलं?’ याचं उत्तर मिळेपर्यंत इंजिन बांधायला देऊ नका.