काजवे बघायला या, पण ग्रामसभेला विचारून

राब भाजून झाले, अंगणात बाळहिरडा वाळतोय. अजून दोन-तीन आठवडे गेले की काजवा येईल आणि काजव्याच्या मागं गाड्या येतील. मे महिन्याच्या शेवटापासून पाऊस धरेपर्यंत भंडारदऱ्याच्या धरणाभोवती शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, सगळ्या रस्त्यांनी रात्रभर दिवे पळत राहतील. शहरात याला 'काजवा महोत्सव' म्हणतात. हे नाव आपण ठेवलेलं नाही. आपल्या आज्या एवढंच म्हणायच्या, काजवा आला, पाऊस जवळ आला, बियाणं काढून ठेवा.

मागल्या बैठकीत यावरून जोराची बोलाचाली झाली. एक पोरगा उठून म्हणाला, "वर्षातून तीन आठवडं दोन पैसं मिळत्यात, ते पण बंद करता का? मग जातो परत नारायणगावच्या अड्ड्यावर टमाटी तोडाया." त्यावर मागं बसलेल्या म्हातारीनं सांगितलं, "अरं, तुझं पैसं तुला राहू दे. पण माझ्या राबात गाडी घालून उभी करत्यात, त्याचा काय?" दोघांचंही खरं आहे. म्हणून या अंकात हा विषय घेतला.

पहिलं पोराचं घेऊ. पर्यटन नको, गाड्या नकोत, असं आम्ही म्हणत नाही. पेरणीच्या तोंडावर हातात रोकड नसते. खत, बियाणं, पोरांची वह्या-पुस्तकं, सगळं एकदम येतं. त्या वेळी कुणाच्या घरी चार माणसं पिठलं-भाकरी जेवून गेली, एखाद्या बाईच्या करवंदा-जांभळांच्या पाट्या रस्त्यावरच खपल्या, तर सावकाराकडं जायचं टळतं. ही गोष्ट लहान नाही. ज्यांच्या घरी दोन नोकऱ्या आहेत त्यांनी उगीच आपल्याला निसर्गरक्षणाचं शिकवू नये.

पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. आम्ही धरणाच्या कडेला तंबू लावणाऱ्या एका पोरासोबत बसून कागदावर मांडला. तंबू बाहेरच्याचे, जाहिरात बाहेरच्याची, पैसे आधीच मोबाइलवरून बाहेरच्याच्या खात्यात. जेवणाचं सामान आणि कोंबड्यासुद्धा खालच्या बाजारातून येतात. पोराला काय, तर रातची मजुरी. तंबू ठोकायचे, पाणी आणायचं, सकाळी बाटल्या उचलायच्या. जागा मात्र त्याच्या चुलत्याची. म्हणजे अड्ड्यावरची मजुरी घराच्या दारात आली, एवढाच फरक. याला रोजगार म्हणायचं असेल तर म्हणा, आम्ही धंदा म्हणणार नाही. ज्या घरांनी स्वतः चूल पेटवून पाव्हणे घेतले त्यांचा हिशेब वेगळा निघाला, तिथं पैसा घरात राहिला.

आता म्हातारीचं. शनिवारी रात्री रस्त्यावर जागा राहत नाही. गेल्या साली एका बाळंतिणीला घेऊन निघालेली जीप दोन वळणांच्या मध्ये अडकली. पुढं गाड्या, मागं गाड्या, आणि लोक खाली उतरून फोटो काढतायत. शेवटी गावच्या पोरांनी पुढं पळत जाऊन एकेक गाडी बाजूला घ्यायला लावली. बाई आणि लेकरू वाचलं. पण त्या रात्री आम्ही ज्यांना हात जोडले त्यातल्या एकानं विचारलं, "तुम्ही लोक याच वेळी का निघता?" हे वाक्य विसरता येत नाही. जणू आपण त्यांच्या महोत्सवात घुसलो होतो.

आता खुद्द काजव्याचं काय होतंय ते बघू, कारण तो गेला तर पोराचा धंदाही गेला. काजवा पंख फुटून उडतो तो थोडेच दिवस. त्याच्या आधीचं बहुतेक आयुष्य अळी होऊन ओल्या मातीत, कुजक्या पाल्यात, गोगलगायी खाऊन जातं. उडायला लागला की त्याला एकच काम, जोडीदार शोधायचा. नर उडत उडत लुकलुकतो आणि मादी गवतातून, फांदीवरून उजेडानंच उत्तर देते. ते उत्तर दिसायला अंधार लागतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते जमतात आणि झाडच्या झाड एका ठेक्यात पेटतं नि विझतं, ते बघायला शहरातली माणसं येतात. आणि बघायला येताना गाडीचे मोठे दिवे सोडतात, मोबाइलचा उजेड मारतात, झाडाखालचं गवत तुडवतात. त्याच गवतात माद्या बसलेल्या असतात. यंदा जोडी जमली नाही तर अंडी पडणार नाहीत, आणि त्याचा तोटा पुढच्या सालांना दिसणार. रस्त्याकडेच्या ज्या झाडांवर आम्ही लहानपणी काजव्याचे मोहोळ बघितले, त्यातली बरीच आता काळी उभी असतात. गाड्या आणखी आत, आणखी वर जायला लागल्या त्या यामुळंच. बघायची जागा संपवायची आणि पुढची धरायची.

आणि ती झाडं राहिली कशी? हिरड्याचं फळ विकून मीठ-मिरची येते म्हणून गावानं हिरडा तोडला नाही. अंधाराचं मात्र खरं सांगायचं तर तो आपण राखला नाही, तो आपल्या वाट्याला टाकला गेला. धरण 1926 साली पुरं झालं. पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली उसाला गेलं, आपली खाचरं आजही आभाळाच्या भरवशावर. वीज आली तीही पाड्यापाड्यावर उशिरा, अर्धी. आता त्याच अंधाराला बाजारात किंमत आली आणि ती वसूल करणारे दुसरेच.

यावर दोन प्रकारचे लोक येऊन आपल्याला सांगतात. एक म्हणतात, वाढवा, आणखी हॉटेलं येऊ द्या. दुसरे म्हणतात, अभयारण्य आहे, सगळं बंद करा. नाक्यावर पावती फाडणारे वेगळे. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. गावाला विचारलं कुणीच नाही.

बंद करा म्हणणाऱ्यांसाठी साताऱ्याच्या कास पठाराची गोष्ट. 2012 साली त्या पठाराला जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली आणि गर्दी वाढली. फुलं वाचवायला म्हणून तारेचं कुंपण घातलं. कुंपणानं माणसं थोडीफार अडली, पण पिढ्यान् पिढ्या चरणारी गुरंही अडली. गुरं नसल्यानं गवत माजलं, फुलं मागं हटली, अशी ओरड गावकऱ्यांनी केली. पुढं जाणकारही तेच म्हणायला लागले आणि कुंपण काढावं लागलं. जे गुराख्याला माहीत होतं ते कळायला इतकी वर्षं गेली.

वाढवा म्हणणाऱ्यांसाठी चंद्रपूरच्या ताडोब्याची गोष्ट. ताडोबा हे नावच गोंडांच्या देवाचं. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, असं तिथले लोक सांगतात. तळ्याच्या काठावर मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे. त्या जंगलाच्या गाभ्यातून बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं उठली. कारण दिलं, माणसांमुळं वाघाला त्रास होतो. आज त्याच जंगलात पर्यटकांच्या जिप्सी फिरतात. तिथल्या पोरांना गाइडचं, ड्रायव्हरचं काम मिळालंय, हे नाकारत नाही. पण देव आपला, नाव आपलं, आणि आत कोण जाणार हे ठरवणारा दुसरा. आपल्याकडं असं झालं तर काजवा बघायला आपल्यालाच पावती फाडावी लागेल.

तिसरी गोष्ट त्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची. गाव लहान, पण सामूहिक वनहक्क मिळवला. बांबू स्वतः तोडून स्वतः विकला, आणि मग ग्रामसभेत बसून ठरवलं की तेंदूपाला तोडायचा नाही. तेंदूसाठी फांद्या छाटतात, जंगलाला आगी लागतात, म्हणून. हातातला पैसा स्वतःहून सोडला. वरून कुणी हुकूम काढला असता तर त्याच लोकांनी मोर्चा काढला असता, आणि बरोबरच केलं असतं. ठरवणारा कोण, यावर सगळं आहे.

आपल्याला ठरवता येतं का? येतं. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 5 पुन्हा वाचा. जिथं वनहक्क धारक आहेत तिथल्या ग्रामसभेला वन्यप्राणी, जंगल आणि जैवविविधता राखायचा अधिकार आहे. सामूहिक वनात कोण, कसं येईल याचं नियमन करायचा अधिकार आहे. जंगलाला बाधा आणणारं काम थांबवायचा अधिकार आहे. काजवा जैवविविधतेत येतो, हे सांगायला वकील लागत नाही. आपला भाग 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे म्हणून हा कायदा लागत नाही, असं टेबलामागून कुणी सांगेल. त्याला कायद्यातली सामूहिक वनसंसाधनाची व्याख्या दाखवा, अभयारण्य हा शब्दच त्यात लिहिलेला आहे. अर्थात दावाच टाकला नसेल तर कुठल्या वनाचं नियमन करणार? ज्या गावांचे दावे अजून फायलीत अडकलेत किंवा लिहिलेच नाहीत, त्यांनी काजव्याची चर्चा नंतर करावी, आधी दावा करावा. डांबरी रस्ता सरकारी आहे, तो आपण अडवू शकत नाही, अडवूही नये. पण रस्ता सोडून झाडाखाली जाणारी वाट आपल्या वनातून जाते.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, जमिनीची. धरणाकडेच्या, रस्त्याकडेच्या तुकड्यांवर डोळा आहे. विकत घेता येत नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणून शंभराच्या, पाचशेच्या स्टँपवर नोटरीचा शिक्का मारून नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा लिहून घेतात, किंवा दुसऱ्या आदिवासीच्या नावावर घेऊन मागं स्वतः बसतात. सही करताना सांगतात, "हा फक्त करार आहे, जमीन तुमचीच." महसूल संहितेचं कलम 36 अ काय म्हणतं ते लक्षात ठेवा. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला भाड्यानं किंवा गहाण द्यायची तर पाच वर्षांपर्यंतसुद्धा जिल्हाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. त्याच्या पुढची मुदत किंवा विक्री असेल तर जिल्हाधिकाऱ्याला आधी राज्य सरकारची मान्यता घ्यावी लागते. परवानगीशिवाय केलेला कागद टिकत नाही, जमीन परत मागता येते. आणि वनपट्टा तर वारसाला जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ज्यांनी असे कागद केलेत त्यांना आम्ही दोष देत नाही. घरात आजारपण होतं, लग्न होतं, पैसा समोर ठेवला गेला. पण कागद लपवू नका. लपवलेला कागद समोरच्याच्याच कामाला येतो.

काही गावांत बोलणं चालू आहे, त्यातलं जमेल ते बाकीच्यांनीही घ्यावं. गाड्या गावाच्या अलीकडं एका पडीक जागेत उभ्या करायच्या आणि तिथून पायी, गावच्या माणसासोबत जायचं. बॅटरी लाल कागद लावून, जमिनीकडं धरून. स्पीकर नाही, दारू नाही. एका रात्री किती माणसं घ्यायची ते गावानं ठरवायचं, शनिवारीही तेवढीच. दरसाल काही झाडं, काही ओढे कुणालाच दाखवायचे नाहीत, तिथं काजव्याला त्याचं त्याचं राहू द्यायचं. पैसा ग्रामसभेच्या खात्यात, आणि त्याचा हिशेब शाळेच्या भिंतीवर. जेवणाची पाळी घरोघरी फिरती, नाहीतर रस्त्याकडेची चार घरं श्रीमंत होतील आणि वरच्या पाड्यावरचे लोक फक्त धूळ खातील. हे शेवटचं आम्हाला सगळ्यात अवघड वाटतं. बाहेरच्याला अडवणं सोपं, आपल्याच भावकीत वाटून घेणं अवघड. तंबूवाल्यांकडून आगाऊ पैसे घेतलेली आपलीच दोन-चार माणसं ग्रामसभेत गप्प बसतील किंवा ती उधळायला बघतील, हेही धरून चाला.

आणि तो पोरगा, अड्ड्यावर जातो म्हणणारा, त्याला या कामात पुढं घ्या. त्याला रस्ते माहीत आहेत, शहरातल्या माणसाशी बोलता येतं, गाडीवाल्याला "दिवा विझवा" म्हणायला तो घाबरत नाही. म्हातारीला झाडं माहीत आहेत, कुठल्या ओढ्याला काजवा आधी येतो ते माहीत आहे. दोघांना एका कामाला लावलं तर बैठकीत भांडायची वेळ येणार नाही.

काजवा यायच्या आत प्रत्येक पाड्यानं ग्रामसभा लावावी. बायांनी सकाळची कामं उरकून यायचं आहे, तेव्हा वेळ त्यांना विचारून ठेवा. येताना सातबारा आणावा, वनपट्ट्याची प्रत आणावी, दाव्याची पोच आणावी. आणि ज्यांच्या घरी पेटीत एखादा स्टँपपेपर ठेवलेला असेल त्यांनी तोही आणावा. वाचून दाखवायला आमची माणसं येतील.