जिंकणाऱ्यांच्या भाषेतले हरलेले

इंग्रजी वाक्प्रचारांचे कोणतेही मार्गदर्शक उघडावे. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ आणि खाली वाक्यात उपयोग, अशी मांडणी दिसते. ‘टु विन हँड्स डाउन’ म्हणजे सहज जिंकणे. ‘केकवॉक’ म्हणजे अगदी सोपे काम. ‘टु स्टील समवन्स थंडर’ म्हणजे दुसऱ्याचे श्रेय लाटणे. विद्यार्थी तिन्ही पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि गुण मिळवतो. या मांडणीत चूक काही नाही. तरीही तिच्यातून महत्त्वाचे काही निसटते, असे आम्हांस वाटते. प्रतिस्पर्ध्यावर मात करण्याविषयीचे इंग्रजी वाक्प्रचार वरवर पाहता जेत्याचा गौरव करतात. पण त्यांतल्या काहींच्या मुळाशी गेले, की तेथे हरलेला, राबलेला किंवा लुबाडला गेलेला कोणीतरी भेटतो. साहित्याच्या अभ्यासकाने त्याला ओळखावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आरंभ घोड्यांच्या शर्यतीपासून करू, कारण जिंकण्याच्या इंग्रजी शब्दसंपत्तीतला मोठा वाटा तिचा आहे. विजयाची खात्री पटली, की जॉकी लगाम सैल सोडून हात खाली घेई; त्यावरून ‘हँड्स डाउन’ आले. प्रतिस्पर्धी उरलेच नाहीत, तर एकट्या घोड्याला मार्गावरून नुसते चालवून आणले तरी शर्यत जिंकल्याचे धरले जाई, हा ‘वॉकओव्हर’. ‘डार्क हॉर्स’ डिझरायलीच्या १८३१ सालच्या ‘द यंग ड्यूक’ या कादंबरीत धावताना दिसतो आणि १८४४ साली जेम्स पोक अनपेक्षितपणे अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार झाले, तेव्हा तो राजकारणात स्थिरावलेला आढळतो. या तिन्ही वाक्प्रचारांत दृष्टी कोणाची आहे, हे पाहण्यासारखे आहे. पहिल्यात ती स्वाराची आहे, दुसऱ्यात नियम पाळणाऱ्या पंचांची आणि तिसऱ्यात पैज लावणाऱ्याची. ‘डार्क’ हा घोड्याचा रंग नव्हे; त्याच्याविषयी पैजकऱ्यांना काही ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. जो प्रत्यक्ष धावतो, त्याच्या दमछाकीला भाषेत जागा नाही, आणि मागे पडलेल्यांकडे तर कोणी वळूनही पाहत नाही.

मराठीतले वाक्प्रचार शेजारी ठेवले, की हा फरक अधिक ठळक होतो. ‘चीतपट करणे’, ‘धोबीपछाड देणे’, ‘अस्मान दाखवणे’ हे आखाड्यातून आलेले शब्द. त्यांत पडलेल्या मल्लाची मातीला लागलेली पाठ दिसते. ‘अस्मान’ तर हरलेल्यानेच पाहिलेले असते. जिंकणाऱ्याची नजर त्या वेळी खाली असते. म्हणून मराठी अधिक सहृदय आहे, असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. ‘धूळ चारणे’ आणि ‘पाणी पाजणे’ यांत क्रौर्य पुरेसे आहे. पण प्रतिस्पर्धी तेथे निदान हजर असतो.

इंग्रजीत हा हजर नसलेला माणूस शोधायचा, तर इतिहासाकडे वळावे लागते. जॉन डेनिस हा आपल्या काळातला वजनदार समीक्षक. त्याचे ‘अॅपियस अँड व्हर्जिनिया’ हे नाटक १७०९ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात आले आणि लवकरच बंद पडले. त्या नाटकासाठी त्याने मेघगर्जनेचा आवाज काढण्याची नवी युक्ती योजली होती. पुढे त्याच नाट्यगृहात ‘मॅकबेथ’ पाहताना त्याला आपलाच गडगडाट ऐकू आला आणि माझे नाटक चालू देत नाहीत, पण माझी गर्जना मात्र चोरतात, अशा अर्थाचा संताप त्याने व्यक्त केला, अशी आख्यायिका आहे. दोनच वर्षांनी, १७११ साली, अलेक्झांडर पोपने ‘अॅन एसे ऑन क्रिटिसिझम’मध्ये त्याच नाटकाच्या नावाने त्याची टर उडवली. वाङ्मयेतिहासात पोप जिंकला, यात शंका नाही. मात्र आज दुसऱ्याचे श्रेय लाटणाऱ्याचे वर्णन करताना इंग्रजी भाषिक जे शब्द वापरतो, ते या पराभूत नाटककाराच्या तक्रारीतून आले आहेत. वाक्प्रचार टिकला आणि तक्रार करणारा विसरला गेला.

‘केकवॉक’ची कथा याहून गंभीर आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतील मळ्यांवर गुलाम म्हणून राबवल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीयांत जोडीजोडीने ऐटबाज चालण्याचा हा नृत्यप्रकार होता. उत्तम जोडीला केक बक्षीस मिळे. मालकांच्या ऐटदार चालीची आणि नृत्यांची खिल्ली त्यात दडलेली असे, असे अभ्यासक मानतात. पुढे तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांनी हा नाच आपल्या खेळांत घेतला. म्हणजे नकलेचीच नक्कल झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी तो युरोपात फॅशन बनला होता. १९०८ सालच्या ‘चिल्ड्रेन्स कॉर्नर’ या देब्यूसीच्या पियानोरचनेतही एक केकवॉक आहे. ज्यांच्या आयुष्यात सोपे असे काहीच नव्हते, त्यांच्या नाचाचे नाव अखेर ‘सोपे काम’ या अर्थाने रूढ झाले. फेब्रुवारी २००२ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मधील लेखात केनेथ अॅडलमन यांनी इराकची मुक्तता केकवॉक ठरेल, असे भाकीत केले. युद्ध मार्च २००३ मध्ये सुरू झाले, आणि अमेरिकी फौजांची माघार पूर्ण व्हायला डिसेंबर २०११ उजाडला. त्या लेखातील युक्तिवादाची जबाबदारी एका शब्दावर टाकणे अर्थातच भाबडेपणाचे ठरेल. पण शब्दातला माणूस पुसला गेला, की त्या शब्दाने दुसऱ्या माणसांचे मरणही हलके करता येते, हे ध्यानात घ्यावे.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. रूपके झिजतात, तेव्हाच भाषा वाहती राहते. प्रत्येक शब्दाची वंशावळ स्मरून बोलायचे ठरवले, तर कोणाला तोंडच उघडता येणार नाही. आम्हीही ‘मात करणे’ लिहिताना बुद्धिबळाचा पट आठवत नाही. बोलणाऱ्यापुरता हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. शिकवणाऱ्याला आणि भाषांतर करणाऱ्याला मात्र त्यामागे लपता येणार नाही.

अनुवादाचेच उदाहरण घेऊ. ‘केकवॉक’साठी आपल्याकडे ‘डाव्या हातचा मळ’ हा नेमका प्रतिशब्द आहे. वृत्तपत्रातल्या बातमीत तो चपखल बसेल. पण एखाद्या कृष्णवर्णीय लेखिकेच्या कादंबरीत हाच शब्द एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या तोंडी आला, तर? तेथे तो प्रतिशब्द अर्थ पोहोचवील आणि आजीचा सारा भूतकाळ गमावील. ही हानी कोशात पाहून कळत नाही. वर्गात कोणीतरी कधीतरी ती कथा सांगितलेली असावी लागते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. तीस वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करून घेण्याऐवजी पाचच घ्यावेत आणि प्रत्येकाला विचारावे, की हे चित्र कोणी, कोठे उभे राहून पाहिले? धावणारा कोण होता, बक्षीस कोणी ठेवले, आणि हरलेला कोठे गेला? परीक्षेत या प्रश्नांना गुण नाहीत, हे आम्ही जाणतो. पण कादंबरी असो वा नाटक, साहित्य वाचायला बसल्यावर आपण हेच प्रश्न तर विचारत असतो.