घरी सोडले; पण कोणाच्या हाती?



मनोरुग्णालयातून एखाद्यास घरी सोडतात तेव्हा डॉक्टरांचे एक काम आटोपलेले असते आणि घरच्यांचे सुरू झालेले असते. या मधल्या दिवसांविषयी आम्ही या वेळी लिहीत आहोत. रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार नाजूक असतात. दुखणे उलटण्याचा, आणि आत्मघाताचाही, धोका याच काळात अधिक असल्याचे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे.

आपल्या समाजात हा विषय दबक्या आवाजातच निघतो. मुंबईकडे कोणाचे चित्त ठिकाणावर नसले की ‘याला ठाण्याला पाठवा’ असे लोक सहज म्हणत, कारण तेथे 1901 पासून मनोरुग्णालय आहे. आमचे कित्येक वाचक मूळचे ठाण्याचेच. ही थट्टा त्यांनी किती वेळा गिळली असेल ते त्यांनाच ठाऊक. थट्टेमागची भीती मात्र आपण सामानाबरोबर इस्राएलातही आणली. बहिणीचे लग्न व्हायचे आहे, म्हणून भावाच्या आजाराचा उच्चार नाही. एलियाहू हन्नाबीला मलिदा बोलला जातो, आणि तो बोलावाच. पण शेजाऱ्यांना तो कशासाठी हे सांगितले जात नाही. अखेर पंचाहत्तरी गाठलेली आई एकटीच मुलाच्या उशाशी उरते.

दक्षिणेकडील आमच्या परिचयाच्या एका घरी असेच झाले. चाळिशी उलटलेल्या मुलास शुक्रवारी दुपारी घरी सोडले. हातात दोन-तीन दिवसांच्या गोळ्या आणि हिब्रूत लिहिलेले पत्र. शब्बाथ लागला, दवाखाना बंद. पुढचे इंजेक्शन कोणत्या तारखेस, हे पत्राच्या शेवटच्या पानावर होते. आईला मराठीखेरीज वाचता येत नाही. ती तारीख टळली आणि महिन्याभरात मुलगा पुन्हा रुग्णालयात गेला. त्याच्यासाठी कोणी काही केले नाही असे नव्हे. प्रत्येकाने आपापल्या दारापर्यंतचे काम केले होते.

जुलै 2015 पासून मानसिक आजारांच्या उपचारांची जबाबदारी आरोग्य मंत्रालयाकडून चारही कुपत होलीमकडे आली आहे. म्हणून रुग्णालयाचे पत्र आपल्या कुपाच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचले की नाही, हे पाहणे अगत्याचे. सोडण्याचा दिवस ठरण्यापूर्वीच वॉर्डाच्या समाजसेविकेस भेटावे व डॉक्टर, रुग्ण आणि घरचे यांची एकत्र बैठक मागावी. पहिली भेट कोणत्या दवाखान्यात, कोणत्या तारखेस. इंजेक्शन कोण देणार. रात्री प्रकृती बिघडली तर कोणास विचारायचे. हे कागदावर उतरवून घ्यावे, शक्य तर मराठीतही. शुक्रवारी सोडत असतील तर रविवार-सोमवारपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या मागण्यात संकोच कसला?

औषधांविषयी दोन गोष्टी. क्लोझापीन चालू असेल तर रक्ताची तपासणी ठरल्या वेळी व्हावीच लागते. ती कोठे होणार हे आधी ठरवावे. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातील पाणी कमी झाले की रक्तातील औषधाचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. येथला उन्हाळा आणि योम किप्पूरचा उपास, दोन्ही त्यास घातक ठरू शकतात. उपासाविषयी डॉक्टरांस आधी विचारावे. जीव वाचवण्यासाठी उपास मोडण्यास आपला धर्म आड येत नाही, हे वडीलधाऱ्यांनी घरात स्पष्ट बोलून दाखवावे.

आता वकिलीची एक बाब. 1996 च्या रुग्णहक्क कायद्यानुसार प्रौढ रुग्णाची माहिती त्याच्या संमतीवाचून, आईलादेखील, सहसा दिली जात नाही. ‘डॉक्टर आम्हांस काही सांगत नाहीत’ ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. मुलाचे मन शांत असेल त्या दिवशी त्यास विचारून लेखी संमती घ्यावी.

सर्वांत अवघड प्रश्न राहण्याचा. मानसिक आजारामुळे अपंगत्व आलेल्यांच्या पुनर्वसनाचा कायदा 2000 साली झाला. किमान 40 टक्के मानसिक अपंगत्व मान्य झालेल्या प्रौढास त्यानुसार ‘साल शिकुम’ मागता येते. त्यात होस्टेल किंवा देखरेखीखालील घर, काम, क्लब, दातांचे उपचारही येतात. अर्ज समितीपुढे जाऊन मंजुरी मिळेपर्यंत वेळ जातो, म्हणून रुग्ण वॉर्डात असतानाच कागद हलवावेत. नकार आला तर अपील करता येते. सक्ती कोणावरही नाही. त्याची स्वतःची इच्छा लागते.

‘होस्टेल’ शब्द ऐकताच आपल्या आयांचे डोळे भरतात. मुलास घराबाहेर काढले असे लोक म्हणतील, ही त्यांची धास्ती. आम्हांस त्यांची माया कळते. परंतु आईच्या माघारी पन्नाशीच्या मुलाने चहा कसा करावा, गोळी केव्हा घ्यावी, हे शिकण्यापेक्षा ती हयात असताना, शब्बाथला घरी जेवायला येत येत शिकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कुटुंबीयांना सल्ला देणारी केंद्रेही आहेत. 1978 साली स्थापन झालेली एनोश ही संस्था या कामात जुनी. पत्र वाचून घेण्यासाठी शाळकरी नातवंडास बसवू नये. त्यात लिहिलेले त्याच्या वयास पेलणारे नसते. आणि रात्री-अपरात्री कोणी जीव देण्याची भाषा करू लागला तर सकाळची वाट पाहू नये. एरानचा दूरध्वनी 1201 आहे. हिब्रू बोलणारे कोणी जवळ असेल तर त्यास उठवावे आणि धोका समोर दिसत असेल तर 101 वर रुग्णवाहिका बोलवावी.