घर दोघांचं, कागद त्याचा

मागच्या बैठकीत मी ब्रेक्झिटनंतर युरोपात राहिलेल्या ब्रिटिश बायकांचा विषय काढला, तेव्हा एक मैत्रीण पटकन म्हणाली, "आपल्या बायकांची नावं रेशनकार्डावर चढेनात, आणि तुला स्पेनच्या किनाऱ्यावर ऊन खाणाऱ्या मडमांची काळजी!" सगळ्या हसल्या, मीही हसले. तिचा राग खोटा नाही. आपला माणूस परदेशी गेला की तो स्थलांतरित, ब्रिटिश गेला की 'एक्सपॅट'; शब्दांतसुद्धा उतरंड आहेच. तरी विषय सोडवत नाही, कारण तो रेशनकार्डाचाच विषय आहे.

जून २०१६ मध्ये ब्रिटनने कौल दिला, ३१ जानेवारी २०२० ला देश युरोपीय संघातून बाहेर पडला आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला ब्रिटिशांचा युरोपभर कुठेही राहण्याचा हक्क संपला. संघातल्या देशांत राहणारे ब्रिटिश दहा लाखांहून अधिक. वेगळं होतानाच्या करारात ठरलं, की त्या तारखेपर्यंत जे कायदेशीरपणे राहत होते त्यांनी आहे त्या देशात राहावं. स्पेनमध्ये हा हक्क आपोआप टिकला. फ्रान्समध्ये मात्र मुदतीत अर्ज करून मागून घ्यावा लागला.

आता 'कायदेशीरपणे राहणं' म्हणजे काय? युरोपीय संघाचा २००४ चा निर्देश सांगतो: नोकरी किंवा धंदा करा, नाहीतर स्वतःपुरती मिळकत आणि आरोग्यविमा दाखवा, नाहीतर विद्यार्थी असा. यातलं काहीच नसेल तर अशा माणसाचे 'कुटुंबीय' असा. सलग पाच वर्षं झाली की हक्क कायमचा होतो. भाषा अगदी समतेची, कुठे 'नवरा' नाही की 'बायको' नाही. पण घर, मुलं, म्हातारी माणसं सांभाळणं या यादीत काम म्हणून कुठेच नाही. मग ते करणारी बाई कुठल्या रकान्यात जाते, हे मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको.

निवृत्त जोडप्यांचंच बघा. ब्रिटनची सरकारी पेन्शन सुरू झाली की परदेशातल्या उपचारांचा खर्च ब्रिटन उचलतो, अवलंबून असलेल्या जोडीदाराचाही. १९५० च्या दशकात जन्मलेल्या बायका साठाव्या वर्षी पेन्शन मिळेल या हिशेबाने जगल्या. त्यांचं वय २०२० पर्यंत टप्प्याटप्प्याने ६६ वर नेलं. मधली वर्षं कित्येकींचा आरोग्याचा कागद नवऱ्याच्या पेन्शनला टांगलेला. पाच वर्षं पुरी होण्याआधी घटस्फोट झाला तर ब्रिटिश बायकोला लगेच घालवून देत नाहीत, पण हक्क कायमचा व्हायला तिने स्वतः कमावती असावं किंवा मिळकत आणि विमा दाखवावा. साठीच्या आत-बाहेर, परक्या भाषेत!

आणि ती बायको ब्रिटिशही नसेल, युरोपीयही नसेल, ब्रिटिश माणसाशी लग्न करून तिथे गेलेली आपल्याकडची मुलगी असेल, तर? तिला लग्न किमान तीन वर्षं टिकलं आणि त्यातलं एक वर्ष त्याच देशात गेलं हे दाखवावं लागतं. किंवा मुलांचा ताबा तिच्याकडे हवा, किंवा घरात मारहाण झाली हे पटवून द्यायला हवं. ही शेवटची सोय कायद्यात आहे, हे मी मोलाचं मानते. पण मार खाल्ल्याचा पुरावा गोळा करणं काय असतं, हे आपण केंद्रावर रोज बघतो. घरातून निघताना बाई मूल उचलते, फाईल नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते गैरहजेरीचं कलम. कायमचा हक्क मिळेपर्यंत वर्षाला सहा महिने बाहेर राहता येतं. महत्त्वाच्या कारणासाठी एकदा सलग बारा. कारणांची उदाहरणं दिली आहेत: बाळंतपण, गंभीर आजार, शिक्षण, कामासाठी बदली. ब्रिटनमध्ये अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा त्यात नाही. नोकरीची बदली आठवली, आई आठवली नाही!

मग बाईने नवऱ्यालाच घेऊन कायमचं परतावं, तर तेही सोपं नाही. सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १९९२ साली निकाल दिला होता, की ब्रिटिश बायको जर्मनीत काम करून परतली, तर नवऱ्यालाही तिच्यासोबत राहण्याचा हक्क आहे. बाईच्या कमाईवर पुरुषाचा हक्क उभा राहिला, असं क्वचित घडतं. ती वाट ब्रिटनने २९ मार्च २०२२ ला बंद केली. त्यानंतर परदेशी जोडीदार आणायचा तर ठरलेली कमाई दाखवा. एप्रिल २०२४ मध्ये ती अट वर्षाला १८,६०० पौंडांवरून २९,००० वर नेली. पहिल्या अर्जात त्याची परदेशातली कमाई धरत नाहीत. आईला सांभाळायला परतलेली, अर्धवेळ नोकरी करणारी बाई हा आकडा कुठून आणणार?

करार झाला आहे, तो आता कोणी नव्याने लिहिणार नाही. पण त्याच्या अंमलबजावणीसाठी ब्रिटन आणि युरोपीय संघाची संयुक्त समिती आहे, नागरिकांच्या हक्कांसाठी वेगळी उपसमितीही आहे. शुश्रूषा हे गैरहजेरीचं 'महत्त्वाचं कारण' धरा, आणि किती बायकांचे अर्ज कशापायी फेटाळले ते वेगळं मोजून जाहीर करा, एवढं तिथल्या संघटनांनी या समितीकडे लावून धरावं असं मला वाटतं. युरोपातल्या गटांशी आपल्यापैकी ज्यांचा पत्रव्यवहार आहे, त्यांनी हे जरूर कळवावं.